किडेवाल्याची ताई

घरात साधी पाल दिसली तरी शिवणकाम करणाऱ्या ताई पायातली चप्पल हातात घ्यायच्या. अशा बाईच्या वाट्याला रातकिडे पाळणं यावं, हे त्यांच्या ओळखीच्या कुणालाही खरं वाटलं नसतं.

कारण होता त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. ताईंनीच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहिलं ते राहूनच गेलं. त्या त्याला सोन्या म्हणायच्या. चाळिशी उलटून टक्कल चमकायला लागलं तरी सोन्याच. विजेच्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण कारखाना बंद पडला, आणि मालकाने जाता जाता आपल्या केबिनमधली काचेची पेटी त्याच्या हातात ठेवली. "तुझ्याशिवाय याला कोण बघणार?" म्हणाला. पेटीत सरडा होता.

हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी. दिव्याच्या उबेत मान वर करून असा बसायचा, की जणू घराचा सगळा भार त्याच्याच डोक्यावर. ताईंनीच त्याचं नाव 'कारभारी' ठेवलं. तो आवाज करत नव्हता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्याशी त्यांचं जमलं. जमलं नाही ते त्याच्या जेवणाशी.

कारभाऱ्याला जिवंत किडे लागायचे, आणि दुकानातून आणलेले निम्मे वाटेतच मरायचे. मग सोन्याने रातकिडे घरीच वाढवायला घेतले. प्लास्टिकचे मोठे डबे, झाकणाला बारीक जाळी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करून ठेवलेले, खायला कोंडा आणि गाजराच्या चकत्या. पाणी वाटीत ठेवलं तर किडे बुडून मरतात, म्हणून ओला कापूस. ओल्या मातीच्या डबीत माद्या अंडी घालायच्या आणि त्यातून राईच्या दाण्याहून बारीक पिल्लं निघायची. त्यांना सतत ऊब लागायची. सोन्याने बल्ब आणि जुन्या मोटारीचे भाग जोडून अशी सोय केली, की डबा थंड झाला की दिवा आपोआप लागायचा. ही बातमी पसरली आणि सरडे, कासवं पाळणारी माणसं दारात येऊ लागली. बघता बघता तो किडेवाला झाला. वर्षभर तोंड पाडून बसलेला भाऊ पुन्हा शीळ घालत कामाला लागला, एवढ्यासाठी ताईंनी बरंच सोसलं.

पण शेकडो नर एकदम पंख घासू लागले की शिवणयंत्राचा आवाजही ऐकू येईना.

"सोन्या, आता एक तर हे जातील, नाहीतर मला वेड लागेल."

"ताई, गातात गं ते."

"गाऊ देत की. खाली जाऊन गाऊ देत."

तो हसला. इमारतीच्या जिन्याखाली सायकली ठेवायची एक खोली होती, बिनखिडकीची. घरमालकाला गळ घालून त्याने ती घेतली आणि डबे खाली नेले. कारभारी वरच राहिला. दोघांत वाकडा शब्द झाला नाही.

त्या हिवाळ्यात वादळ झालं. तारा तुटल्या, वीज गेली ती परत येईना. घरोघरी माणसं पांघरुणात गुरफटून बसली. सोन्या खालीवर येरझारा घालत होता. नुकतीच पिल्लं निघाली होती आणि दिवे बंद.

"आज मी खालीच झोपतो," तो म्हणाला. "तुझी कोळशाची शेगडी नेऊ?"

ताईंनी शेगडी दिली आणि वर आपली शालही दिली.

सकाळी त्या चहा घेऊन खाली गेल्या. दार आतून बंद. आत रातकिड्यांचा नुसता गोंगाट चाललेला. एवढ्या कलकलाटात याला झोप तरी कशी लागते, म्हणून त्यांनी कडी वाजवली, हाका मारल्या. चहा निवला. मग त्यांनी ओरडून घरमालकाला बोलावलं आणि त्याने पहारीने कोयंडा उचकटला. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत गोणपाट कोंबलेलं होतं. शेगडी विझलेली होती. सोन्या शाल पांघरून भिंतीला टेकून बसला होता, गालावर चांगली लाली. ताईंना आधी वाटलं, झोपलाय.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "ते तिथे का झोपले होते?"

"किड्यांना ऊब द्यायला."

"आणि किडे तिथे का होते?"

"मला आवाज सहन होत नव्हता," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग ताईंनीच विचारलं, "तो गेला, मग ते कसे जगले?"

"कोळशाचा वायू माणसाच्या रक्तात भिनतो. किड्यांचं रक्त वेगळं असतं. त्यांना तो तसा बाधत नाही."

"म्हणजे शेगडीचा उपयोग झाला म्हणायचा," असं म्हणून ताई उठल्या.

घरी माणसं जमली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ते डबे आधी उकळत्या पाण्यात बुडवा. ताईंनी खरंच पातेलं चढवलं. पाण्याला आधण आलं आणि त्यांचं लक्ष काचेच्या पेटीकडे गेलं. दोन दिवस कुणी कारभाऱ्याला खायला घातलं नव्हतं. तो काचेला नाक लावून दाराकडे बघत होता. ताईंनी गॅस बंद केला, दोरे काढायचा चिमटा घेतला आणि खाली गेल्या. पहिला रातकिडा चिमट्यात धरताना त्यांना ओकारी आली. दुसराही धरला. कारभाऱ्याने दोन्ही खाल्ले.

त्यानंतर त्या रोज खाली जात राहिल्या. कापूस भिजवायचा, कुजकं गाजर काढायचं, मेलेले वेचायचे. दार मात्र सताड उघडं ठेवायच्या, कितीही गारठा असो. शिसारी काही गेली नाही. कामं उरकली की कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या. गिऱ्हाइकं पुन्हा येऊ लागली. कासववाले पेन्शनर आजोबा एकदा म्हणाले, "भावाचा वारसा चालवताय, ताई."

"वारसा कसला हो? खाणारं तोंड आहे घरात."

मनातलं बोललं गेलं ते फक्त एकदा, शेजारच्या वहिनींपाशी. "तुमचा काय दोष?" असं वहिनी म्हणाल्या तेव्हा ताईंनी कापडावरून नजर उचलली नाही. म्हणाल्या, "दोष नाही, कळतं मला. पण डबे वरच राहिले असते तर तो त्या बंद खोलीत झोपलाच नसता ना. तेवढंच सारखं मनात येतं." आणि पुन्हा यंत्राचं चाक फिरवलं.

कारभारी म्हातारा होऊन गेला. शेवटी शेवटी तो रातकिडा समोर उड्या मारत असला तरी बघत नव्हता. ताई किड्याचे पाय काढून त्याच्या तोंडाशी धरायच्या. एका दुपारी दिव्याखाली होता तिथेच संपला. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. भाऊ गेला तेव्हा लोकांसमोर आवरलेलं रडू एका सरड्यापायी फुटलं, आणि मग आवरेना.

पुढेही काही महिने त्यांनी डबे सांभाळले. मग डोळे साथ देईनात, अंड्यांची डबी वाळली तरी दिसेना. जनावरांच्या दवाखान्यातली कंपाउंडर बाई ते सगळं न्यायला तयार झाली. टेंपोत डबे चढवताना ताई तिला बजावत होत्या, "वाटीत पाणी नको गं ठेवू. आणि वीज गेली तर पिल्लं मेली तरी चालतील. ऐकलंस ना? मेली तरी चालतील."

टेंपो गेला. ताईंनी खोली झाडून काढली, भिंती पुसल्या. घरमालक येऊन दारात उभा राहिला. त्याला तिथे पुन्हा सायकली ठेवायच्या होत्या.

"ताई, किल्ली?"

"उद्या देते," ताई म्हणाल्या.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ती नेऊन दिली.