खिशातला मध

दसूक गावात मेतवल्लीची दोन कामं होती. दिवसभर तो बाजारामागच्या बोळात कपड्यांना इस्त्री करायचा, आणि गावात कुणी पुरुष गेला की मशिदीमागच्या खोलीत त्याला शेवटची अंघोळ घालायचा. जिवंत असो की मेलेला, खिसे रिकामे करायचं काम त्याचंच, आणि तोंड दोन्हीकडे बंद. मयताच्या अंगावर, कपड्यांत जे दिसलं ते धुणाऱ्याने जन्मात बोलायचं नाही, हा नेम बापाने घालून दिलेला. मेतवल्लीने तो चौतीस वर्षं पाळला. म्हणून गावाचा त्याच्यावर विश्वास होता. जीव मात्र कुणाचाच नव्हता. तो समोरून आला की बायका पोरांना जवळ ओढायच्या. आजाऱ्याच्या घरी तर तो पाऊलही टाकत नसे. धुणारा दारात दिसला तर माणसाचा तिथेच धीर सुटायचा.

त्या वर्षी वसंतात आधी ईद नावाडी गेला. छातीचं दुखणं होतं, एरवी गडी धट्टाकट्टा. दुपारी बायकोसह आतल्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही. त्याच्या गलबियाच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, खिशातून मेतवल्लीने एक सोनेरी पुडी काढली. वर मुकुट घातलेला सिंह, खाली ‘शुद्ध मध’. बनवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. मग रीतीप्रमाणे त्याने मयताच्या पोटावरून हलकेच दाबत हात फिरवला, आणि ईदच्या उघड्या तोंडातून मधाचा वास आला. आत कुणीतरी नुकताच घास घेतल्यासारखा, ताजा. मेतवल्ली दोन पावलं मागे सरला.

महिन्याभराने शाळेचा शिपाई अब्दुल-मौला गेला. छातीची तीच तक्रार, खिशात तोच सिंह. त्याच्या ओठांवर एक गांधीलमाशी येऊन बसली, आणि पाणी ओतलं तरी हलेना.

डॉक्टर सौसनबाईंचे पांढरे कोट मेतवल्लीकडेच इस्त्रीला यायचे. त्याच संध्याकाळी त्या कोट न्यायला आल्या तेव्हा त्याने आडून विचारलं.

“तो मध कसला, काका!” त्या उसळल्याच. “फोनवर जाहिरात बघायची, मागवायचा, मोटारसायकलवाला गुपचूप आणून देतो. आत पुरुषांची ती ताकदीची गोळी दळून घातलेली असते. किती, ते घालणाऱ्यालाही ठाऊक नसतं. छातीत कळ आली की जे जिभेखाली गोळी ठेवतात ना, त्यांनी हा मध खाल्ला आणि वर ती गोळी घेतली, तर रक्तदाब असा कोसळतो की वर येतच नाही. मी प्रत्येकाला विचारते, दुसरं काही औषध घेता का? म्हणतात, छे हो, नुसता मध. आपल्याकडे मधाला औषध म्हणून कोण मोजतं? का हो, कोण खातंय?”

“कुणी नाही,” मेतवल्ली म्हणाला. “सहज विचारलं.”

पुढे अठरा दिवसांनी टपाल खात्यातला लुत्फी, तोही छातीच्या दुखण्याचा, त्याच्या अंघोळीच्या फळीवर आला. या वेळी खिशात हात घालण्याआधीच मेतवल्लीला आत काय आहे ते कळलं होतं. बोटांना पुडी लागली, तेव्हा आपणच ती तिथे ठेवली असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं काही केल्या जाईना. त्याने ती भिंतीशी मातीत पुरली. मयताची अब्रू राखली, असं स्वतःला बजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते बजावू शकतो.

शहाता मास्तर हा त्याचा एकुलता एक मित्र. विधुर होता, एकसष्टाव्या वर्षी सफिय्याशी निकाह लावून पुन्हा तरणा झाला होता. एका गुरुवारी सकाळी गलबिया टाकून गेला.

“कडक कर रे, आज गुरुवार आहे, बायकोची रात्र,” त्याने डोळा मारला.

“म्हाताऱ्या, तुझे गुरुवार संपले.”

“तुझे संपले असतील. तुला बघून बायकाच काय, पालीसुद्धा पळतात!”

तो हसत गेला. मेतवल्लीही हसत होता, म्हणून आतला चोरखिसा बघायचा राहिला. इस्त्री फिरली आणि खालून चर्रर्र झालं. सोनेरी कागद फुटून मध तापल्या लोखंडावर पसरला, आणि तो वास दुकानभर उठला. मयताच्या खोलीतला वास, इथे, भर उन्हात. मेतवल्लीने इस्त्री उचलून बाजूला ठेवली. शहाताच्या सदऱ्याच्या खिशात ती जिभेखालची गोळी कायम असते, हे त्याने कितीदा पाहिलं होतं.

दुकान तसंच उघडं टाकून तो निघाला. वाटेत दोघांनी त्याला शहाताच्या गल्लीत वळताना पाहिलं, आणि ते पुटपुटत भिंतीला चिकटले.

दार सफिय्याने उघडलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“आमच्याकडे कुणी मेलेलं नाही,” ती म्हणाली.

“म्हणूनच आलोय, वहिनी.”

शहाता मुलुखियाच्या हिरव्या रश्शाच्या वाडग्यात भाकरी बुडवत होता. मित्राला घरात बघून त्याचा हात तिथेच थांबला.

“काय रे, कफनाची मापं घ्यायला आलास की काय?”

“तो मध टाकून दे. सगळा.”

“गलबियात राहिली होय एक!” शहाता ओशाळून हसला. “अरे, मध आहे तो. मधाने कधी कुणी मेलंय का?”

“मेलेत.”

“कोण?”

 मेतवल्लीला बापाचा हात आठवला, कापूर लागलेला, ओठांवर दाबलेला. समोर शहाता जिवंत बसला होता, मिशीला रस्सा लागलेला.

“ईद. अब्दुल-मौला. लुत्फी. तिघांच्याही खिशात होती. तुझ्यासारखीच छातीची गोळी घेणारे होते तिघे.”

“हे तू बोलायचं नसतं,” शहाता हळूच म्हणाला.

“नसतं.”

शहाता उठला. कपाटातून खोका काढला, एकेक पुडी फाडून मोरीत पिळली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. मग तो रडला. मेतवल्लीही रडला.

शहाता वाचला. पण मास्तर पडला, गप्प कसा बसेल? इतर वाचावेत म्हणून त्याने चहाच्या दुकानात नावांसकट सगळं सांगितलं. कितीतरी घरांच्या मोऱ्यांतून मध वाहिला, आणि मेतवल्लीकडे कपडे यायचे थांबले. पुढचं मयत झालं तेव्हा दुसऱ्या गावचा माणूस बोलावला.

चौथ्या दिवशी लुत्फीची बायको, उम्म रिदा, दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आरडाओरडा नाही. डोळे कोरडे.

“लुत्फीच्या आधी कितीजणांच्या खिशात सापडलं?”

“दोघांच्या.”

“आणि ते विष आहे, हे तुला कधी कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. “दुसऱ्यानंतर, त्याच संध्याकाळी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.”

तिने मनाशी दिवस मोजले. तिचे ओठ हलताना दिसत होते.

“अठरा दिवस,” ती म्हणाली. “अठरा दिवस तो माझ्या ताटात जेवत होता. रोज तुझ्या दारावरून कामावर जात होता. सलाम करत होता तुला.”

“त्याची अब्रू...” मेतवल्लीने सुरुवात केली. बोळ रिकामा होता. इस्त्री गार पडली होती. ती तशीच उभी होती, वाट बघत.

“बोल ना,” उम्म रिदा म्हणाली. “आता तर बोलतोस तू.”