मामांना गप्प बसवत नसे

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नव्या रायपुरात कार्यालयात होते. मामीचा आवाज कोरडा होता. "सुनंदा, तुहे मामा गेले. घोडीले दाणा देता देता खाली बसले अन् उठलेच नाही…" बस दुपारपर्यंत नव्हती, एका सहकाऱ्याने गाडीवर सोडलं. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. डॉक्टरांनी वर्षापूर्वी ऑपरेशन सांगितलं होतं आणि एका आंधळ्या घोडीपायी मामांनी ते केलं नव्हतं.

माझे मामा लग्नाच्या वरातीला घोडी देत. जुन्या रायपुरात, ब्राह्मणपारा मोहल्ल्यात घरामागे पत्र्याचा तबेला, त्यात एकच घोडी, चमेली. मी डोंगरगडकडच्या लहान गावात शिकले. बारावीनंतर मामांनीच मला रायपूरला आणलं. स्वतः चौथी शिकलेले, पण कॉलेजच्या खिडकीशी वाकून म्हणाले, "बाबूजी, लिख लो इसका नाम. अक्षर बहुत अच्छा है इसका." आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्या दिवशी मामा सोबत नसते, तर मी त्या खिडकीवरूनच परत फिरले असते.

मी शेवटच्या वर्षाला असताना चमेलीच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आला. आधी एक डोळा गेला, मग दुसरा. बाकीचे घोडीवाले म्हणाले, विकून टाका. मामांनी भलतंच ठरवलं. डोळे दिसू नयेत म्हणून तिच्या कपाळावर मोत्यांची लांब झालर बांधली आणि तिला वरातीत नेणं चालूच ठेवलं. दोर हातात धरून ते तिच्या कानाशी अखंड बोलत चालत. "नाली आहे बाई, पाय उचल… बँडवाला आला, वाजवू दे त्याले, त्याचं पोट आहे… इकडे हो, फटाके आहेत." फटाक्यांच्या उजेडाला इतर घोड्या बिचकत, ही मामांच्या आवाजामागे शांत चाले. पंडरी बाजारातले कापडवाले खास तिलाच मागत. नवरदेवाची आई तिला भिजवलेली चण्याची डाळ खाऊ घाली, "कितनी सीधी है" म्हणे, आणि मामा झालर सारखी करत. हे बरोबर होतं का? नव्हतं. पाठीवर कुणाचा तरी मुलगा असे. मला सगळं ठाऊक होतं आणि मीही बोलले नाही. त्याची अजून लाज वाटते.

पण त्या आवाजाने मामाच बांधले गेले. दुसऱ्या कुणाबरोबर चमेली पाऊल टाकेना. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, मुहूर्त असला की मामाच. मामी म्हणायची, "सवत हाय थे माह्यी. माह्याशी कधी इतकं बोलले का हे?" मग मामांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आणि तीन महिने विश्रांती. मामा घरी येऊन म्हणाले, "तीन महिने एका जागी उभी राहील का थे? पाय आखडून मरून जाईल."

म्हणून ठरलं, आधी चमेलीला माझ्या आवाजाची सवय करायची. रविवारी सकाळी मी दोर धरायची, मामांनी भिंतीशी गप्प उभं राहायचं. "चल चमेली, नाली आहे, पाय उचल…" ती कान हलवायची, थबकायची, मग एक पाऊल, दुसरं, तिसरं… आणि मामांच्या तोंडून निघायचंच, "वा गं माझी बाई!" की ती गर्रकन त्यांच्याकडे वळायची. दर रविवारी हेच.

"मामा, दहा मिनिटं गप्प राहा ना! काहून बोलता?"

"निघून जाते तोंडातून, पोरी."

एकदा मी त्यांना घरात बसवलं, तर ते खिडकीतून खोकले. त्यांना खरंच राहवत नव्हतं, की तिने आपल्यावाचून चालावं हेच नको होतं? मी विचारलं नाही. चिडून पुढचे काही रविवार गेलेच नाही. तोवर लग्नसराई आली, ऑपरेशन मागे पडलं…

मामा गेल्यावर चमेली तबेल्यातून हलली नाही. पाणी बादलीने न्यावं लागे. तेराव्यानंतर एका सकाळी मामीनेच खुंट्याचा दोर सोडून हातात घेतला. इतक्या वर्षांत ती त्या घोडीशी एक शब्द बोलली नव्हती. "चल वं सवते," ती म्हणाली. "आता कोणाची वाट पाहून राहिली तू? मी बी इथंच, तू बी इथंच. नाली आहे समोर, पडशीन." चमेलीने कान टवकारले. पुष्कळ वेळ तशीच उभी राहिली. मग एक पाऊल टाकलं, मग दुसरं. भिंतीजवळून कुणीच काही बोललं नाही. नाली ओलांडून ती गल्लीतल्या नळापर्यंत गेली आणि पाणी प्यायला मान खाली घातली.

मी रडत होते. मामी नाही. तिने दोर नळाला गुंडाळला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "एवढंच होतं, तर मग दवाखान्यात काहून नाही गेले हे?"