आईच्या पायांचा आवाज

माझी आई पासष्टीनंतर पाय आपटायला शिकली.

रागानं नाही. नाचासाठी.
तिला जाऊन आज एक वर्ष झालं.

बाबा गेल्यावर मी तिला नागपूरहून इथं अमेरिकेत, नेपरव्हिलला आणलं. माझी मुलगी मैत्री तेव्हा दर शनिवारी क्लॉगिंग शिकायला जायची. म्हणजे बुटांच्या तळाला धातूच्या पट्ट्या लावायच्या आणि बॅन्जोच्या तालावर लाकडी फ्लोअरवर खटखट नाचायचं. अमेरिकेच्या डोंगराळ भागातला जुना नाच आहे.

मी ड्राइव्ह करायचे, आई सोबत यायची आणि कोपऱ्यात बसून बघायची.

एकदा टीचर जोआन तिला म्हणाली, "कम ऑन ग्रॅन्डमा, जॉइन अस!"

आई उठली. दाराशी गेली, बूट काढून नीट ठेवले आणि मोज्यांवर परत आली.

सगळा क्लास बघत राहिला. ज्या नाचात बूटच वाजवायचे, तिथं आमच्या मातोश्री अनवाणी!

"जोडे घालून नाचते का कोणी?" तिनं मलाच विचारलं.

आता शिकायच्या जागी चपला बाहेर काढायच्या, हे जोआनला समजावताना माझी पुरेवाट झाली.

मग आईसाठीही बूट आले. पंजाबी ड्रेसखाली पांढरेशुभ्र. टाच, चवडा, परत टाच, सगळं तिला पटकन जमलं. गुडघे कुरकुरायचे, पण ताल पक्का.

फक्त आवाज येईना.

नुसतं चाललं तरी वाजणारे ते बूट, आईच्या पायात मुके. मैत्री म्हणायची, "आजी, यू आर डान्सिंग ऑन म्यूट!" जोआन ओरडायची, "लेट द फ्लोअर हिअर यू, हनी!"

एका शनिवारी परत येताना आई कारमध्ये म्हणाली, "मी आता येत नाही. त्या बाईचा टाइम वाया जाते."

"का गं? पाय तर बरोबर पडतात तुझे."

बाहेरचा बर्फ बघत ती म्हणाली,

"गावात पाटलाच्या घरासमोरून जाताना माहे आजोबा जोडे हातात घेत. माहे बाबा घालून जाऊ लागले. पण आम्हाले सांगत, पोरीहो, पाय नका वाजवू. कोणी बाहेर आलं म्हणजे?"

"आई, इथं कोण बाहेर येणार आहे?"

"मले समजते. पायाले नाही समजत."

मी नागपुरात विहाराशेजारी वाढले. भाषणं ऐकली, पुस्तकं वाचली. पण माझ्या आईच्या चालण्याला आवाज का नसतो, ते मला त्या दिवशी कळलं. इतका राग आला की पुढचा सिग्नल धड दिसेना.

घरी आल्यावर गॅरेजमध्ये प्लायवूड टाकलं. "हे आपलं घर आहे. पाहिजे तेवढं आपट."

कानटोपी घालून ती रोज त्या थंडीत जायची. आधी काहीच ऐकू यायचं नाही. मग एखादी खट. मग एक दिवस चहा गाळता गाळता मी थांबले आणि ऐकत राहिले.

एका दुपारी बेल वाजली. दारात शेजारचे गृहस्थ.

"हू इज मेकिंग ऑल दॅट नॉइज?"

आई गॅरेजमधून येऊन माझ्यामागे थबकली. शेवटी कुणीतरी बाहेर आलंच होतं.

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. आईनं माझा हात दाबला आणि बुटांसकट पुढे झाली.

खट. खट.

"इट इज मी," ती म्हणाली. "आय ॲम डान्सिंग."

सॉरी म्हणाली नाही.

ते बिचारे हसले. घरात काही रिपेअर चाललंय का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण आई त्या दिवशी जेवताना सुद्धा एकटीच हसत होती.

पुढे क्लासमध्ये जोआन तिला पहिल्या लाइनीत उभी करायची. बाकीच्यांनी तिचं ऐकून ताल धरावा म्हणून.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी ती झोपेतच गेली. शेजारच्या खोलीत असून मला कळलंसुद्धा नाही.

इतकं गुपचूप नव्हतं जायचं गं. तेवढं एक तुझं मला पटलं नाही.

जय भीम, आई.