ओढणीखालचा उजेड
कडुनिंबाच्या मोहराचा वास आला की मला जयपूरच्या शास्त्री नगरातली आमची गच्ची आठवते. त्या वर्षी लेकीची परीक्षा फसली होती, आणि कोचिंगचं हॉस्टेल सोडून घरी आल्यापासून ती आठवडाभर कुणाशी बोलली नव्हती. समजूत घालायला गेलो की माझं भाषणच व्हायचं, म्हणून पाडव्याच्या सकाळी बायकोने मला गुढीसाठी डहाळी तोडायला गच्चीवर पिटाळलं. मी मात्र मोबाइल काढून त्या इवल्या फुलांचे अगदी जवळून फोटो घेत बसलो. एक फोटो उन्हाने पांढराफटक, दुसऱ्यात माझीच सावली. कपडे वाळत घालायला आलेली लेक मागून म्हणाली, "बाबा, मतलब, फोटो फुलांचा पाहिजे का तुमच्या टकलाचा? सरका ना!" तिने हातातली ओली पांढरी ओढणी उन्हाला आडवी धरली, तसा फुलांवर सायीसारखा मऊ उजेड उतरला. पुढचाच फोटो सुरेख आला. तरी "हलला गं," म्हणत मी आणखी वीसेक काढले, आणि ओढणी धरून उभ्या उभ्या ती हळूहळू सगळं बोलली. पेपरात काहीच सुचेना ते, घरी यायची भीती वाटली तेही. फोटो काढताना श्वास रोखावा लागतो, म्हणून माझं भाषण तेवढं टळलं. बाबांना एक फोटो धड काढता येत नाही, असं ती आजही सगळ्यांना सांगते, आणि मी ते मोठ्या आनंदाने ऐकून घेतो.