प्रसाद न मिळाला ती संध्याकाळ

माझा देवावर विश्वास नव्हता असे नाही. देवाचा माझ्यावर उरला नसावा, अशी मात्र माझी खात्री झाली होती. धारच्या दरबारी दफ्तरात मी उभा जन्म काढला. पाहुण्या ठाकुरांच्या बैठकीत पुढे आलेला दारूचा पेला नाकारणे अपमानाचे समजत, तेथून आरंभ झाला. पुढे पेला देणारा कोणी नसला तरी चालू लागले. बेलभंडारा उचलून जन्मभराची शपथ घेतली आणि मोडली. पुन्हा घेतली, पुन्हा मोडली. अखेर मी एक पळवाट काढली. आमच्या माळव्यात भैरवाला दारूचा नैवेद्य असतो. पुजारी थोडी देवाला वाहतो आणि उरलेली बाटली प्रसाद म्हणून परत हातात देतो. प्रसाद नाकारावा कसा? मी रोज दिवेलागणीला भैरवाच्या दर्शनास जाऊ लागलो. लोक मला मोठा भाविक समजत.

माझे कुटुंब मात्र फसले नाही. भांडण न करता ती देवासला लेकीकडे निघून गेली. घर इतके निःशब्द झाले, की चार-सहा महिन्यांनी मी टांगा करून तिला आणावयास गेलो. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि खाली पाहत म्हणाली, "राग नाही माझ्या मनात. पण शपथ ऐकायची हौस फिटली आता. ती घेऊ नका, आणि मला न्यायलाही येऊ नका."

मी चपला घालून बाहेर पडलो. देवासला एकाच गावात दोन राजांच्या गाद्या, थोरली पाती आणि धाकटी. थोरल्या पातीतले दारूचे दुकान बंद दिसले, तर रस्ता ओलांडून धाकट्या पातीत जावे. मी तसेच केले, आणि बाटली उपरण्याखाली घेऊन देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या भैरवाच्या ओट्यावर गेलो. तेथे एक स्थूल, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस दिवा लावीत होता. त्याने बाटली घेतली, बूच काढले आणि सबंध बाटली देवापुढच्या खळग्यात उपडी केली.

"प्रसाद?" मी विचारले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"आज तो देव सगळीच पी गया, भिया," तो म्हणाला. "त्याला काय बोलणार? मोठा माणूस."

मी रिकाम्या बाटलीकडे पाहत उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिले, पण उपदेशाचा एक शब्दही काढला नाही. "तहान लागली असेल तर चला. आमच्याकडे ताक आहे," एवढेच बोलून तो चालू लागला. मी मागोमाग का गेलो, हे मला आजही सांगता येत नाही.

त्याचे नाव गिरधारी. बाजारामागे त्याचा तेलाचा घाणा होता. घाण्याच्या पडवीत जाजम अंथरले होते आणि पाच-सात माणसे बसली होती. मी कोठे बसावे म्हणून घोटाळलो, तसा एक वृद्ध मराठा शिलेदार म्हणाला, "या रावसाहेब. कलालाच्या गुत्त्यात बाकावर बसताना शेजाऱ्याची जात विचारली होती का? मग इथे कशाला?" सगळे हसले. मीही हसलो, कित्येक दिवसांनी.

ही सारी मंडळी दारूतून सुटू पाहणारी होती. ज्या वेळेला पावले कलालाकडे वळत, त्याच वेळेला ती येथे जमत. एक भजन होई, ताक फिरे आणि ज्याला बोलावेसे वाटे तो आपला दिवस सांगे. मी संकोचत माझी प्रसादाची युक्ती सांगितली. शिलेदार म्हणाले, "वा. आम्हाला नाही सुचली ही." मग मी भावनेच्या भरात शपथ घेण्यासाठी हात उचलला, तो गिरधारीने हळूच खाली घेतला. "शपथ नाही, भिया. इथे कोणी घेत नाही. बस, कल शाम को आ जाना."

तेवढे मला जमण्यासारखे होते. मी धर्मशाळेत उतरलो, रजा वाढवली आणि रोज गेलो. एकदा वाटेत पाय कलालाकडे घसरला. दुसऱ्या दिवशी तेही जाजमावर सांगितले. पुढे कळले, की भैरवाचा नेहमीचा पुजारी त्या संध्याकाळी तापाने पडला होता आणि केवळ दिवा लावण्यासाठी गिरधारीला पाठवले होते. योगायोग म्हणावा तर म्हणावा. मी वाद घालणार नाही.

जावयाकडून कुटुंबाला सारे कळत होते. धारला परतण्याच्या दिवशी ती आपले गाठोडे घेऊन टांग्यात येऊन बसली.

धारला अशी मंडळी नव्हती. म्हणून मीच माझ्या ओसरीवर जाजम अंथरले आणि ओळखीच्या दोघांना निरोप धाडला. दिवे लागले, ताकाचे भांडे भरलेले राहिले, कोणी फिरकले नाही. घशाला ती जुनी कोरड पडू लागली, आणि नजर वारंवार रस्त्याकडे जाऊ लागली. तेव्हा आतून बांगड्या वाजल्या. पदर सावरून ती जाजमाच्या कडेला येऊन बसली.

"कोणी आलं नाही ना?" ती म्हणाली. "मग मला सांगा आजचा दिवस. मी ऐकते."

आता त्या जाजमावर इतरही येतात. मी देवाकडे मोठे असे काही मागत नाही. जन्मभराचा भार मी उचलू पाहत होतो, तोवर तो माझ्या हातून पडतच राहिला. आता तो देवापाशी ठेवला आहे. माझ्याकडे फक्त आजची संध्याकाळ आहे, आणि तीही मी एकट्याने उचललेली नाही.