अण्णांचं टोचलेलं बोट

प्रिय ईशान आणि मीरा,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला भिंतीवरचे फोटो दाखवायला लावलेत आणि ईशानने विचारलं, "आजी, अण्णा आजोबांचा उजवा हात नेहमी खिशात का असतो?" मी म्हटलं, "थंडी वाजत असेल." बोरिवलीत, मे महिन्यात! तुमचे आजोबा शेजारी बसले होते, म्हणून मी तसं म्हटलं. पस्तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि अर्धं उत्तर लिहिणाऱ्याला कधी अर्ध्याहून जास्त गुण दिले नाहीत. तेव्हा हे पूर्ण उत्तर. आजोबांना मी ते वाचून दाखवलेलं नाही, पण लिहिते आहे हे त्यांना सांगितलं आहे. "लिही," एवढंच ते म्हणाले.

अण्णा म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. आधी गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर मार्व्याहून तरीने मनोरीला जायचे आणि कोळ्यांच्या होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. होडीवर जे शिकले ते त्यांनी आमच्या कंपाउंडमधल्या पांढऱ्या, जुन्या डिझेल गाडीवर चालवलं. तिला गॅरेजवाल्याचा हात कधी लागू दिला नाही.

अण्णा एकच वर्तमानपत्र दोनदा वाचत. संध्याकाळी बातम्या वाचून झाल्या की ते पान उलगडून गाडीच्या इंजिनाखाली पसरायचे आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. सकाळी दात घासायच्या आधी खाली जाऊन, उकिडवे बसून, ते पान उजेडात धरायचे. काळा डाग जागच्या जागी बसलेला असेल तर ऑइल. डाग पसरलेला असेल आणि मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसत असतील तर डिझेल. डाग कागदाच्या कुठल्या भागात आहे यावरून इंजिनातली कुठली नळी रडते आहे हे ते सांगत, आणि ते सहसा बरोबर असे. मग तडकलेली रबरी नळी कापून नवी बसवायची, नाहीतर जोडावरची तांब्याची वॉशर काढायची. ही वॉशर ते माझ्या गॅसवर लाल होईपर्यंत तापवायचे आणि माझ्याच वाटीतल्या पाण्यात टाकायचे. तांबं त्याने मऊ पडतं आणि पुन्हा नीट बसतं. वाटी मात्र गेली ती गेलीच.

एकदा सोसायटीचे सेक्रेटरी डिझेलच्या वासाची तक्रार घेऊन आले. अण्णा गाडीखालूनच म्हणाले, "तुमच्या घरच्या सुक्या बोंबलाचा वास मी दहा वर्षं घेतोय. काढली काय मी नोटीस?" सेक्रेटरी खळखळून हसले. सगळेच हसायचे. अण्णांचं बोलणं दुसऱ्याला लागे तेव्हा फार मजेदार वाटे.

ते सगळ्यात जास्त लागे ते तुमच्या आजोबांना. आजोबा विमा कंपनीत कारकून, स्वभावाने मऊ, बोलायला हळू. अण्णा एरवी आमच्यासारखंच बोलत, पण धाकट्या भावाशी बोलताना, त्यातून टोमणा मारायचा असला की, मालवणीवर येत. "मेल्या, तुका काय कळता?" हे तर सकाळच्या चहाबरोबर असायचं. पान्याचा नंबर चुकला की कंपाउंडभर ऐकू जाईल असं, "हापिसात तरी बरोबर कागद देतंस काय रे सायबाक?" एकदा कंपाउंडमध्ये पडलेला खिळा आजोबांच्या चपलेतून आरपार पायात गेला. अण्णांनी त्यांना पायरीवर बसवलं, पक्कडीने खिळा उपटला, जखमेवर डिझेलचं फडकं दाबलं आणि म्हणाले, "टोचला म्हणान कोण मरणा नाय. जा हापिसात." आजोबा लंगडत कामावर गेले. संध्याकाळी मीच त्यांना इंजेक्शन द्यायला घेऊन गेले, आणि तेही अण्णांना न सांगता.

पुढे हे वाक्य आमच्या घरात कायमचं मुक्कामाला आलं. आजोबांची दाढ काढली तेव्हा तेच. मुतखड्याने ते जमिनीवर लोळत होते तेव्हाही तेच. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून डोळ्यावर पट्टी बांधून आले तेव्हा अण्णा दारातच उभे. "इलो आंधळो! टोचला म्हणान कोण मरणा नाय." पन्नास वर्षांत आजोबांनी अण्णांच्या टोमण्यांना एकदाही उत्तर दिलं नव्हतं. मी कधी म्हटलं, "अहो, बोला ना काहीतरी," तर ते म्हणत, "जाऊ दे गं, मोठा आहे तो."

आता त्या दिवसाकडे येते. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. आरटीओत नेऊन ती पुन्हा पास करून घ्यायची होती. गळती सापडली तर नापास, आणि त्या वयाची गाडी नापास झाली की भंगाराचाच रस्ता. अण्णांचं वय तेव्हा शहात्तर. मनोरीला जाणं सुटलं होतं. गाडी गेली की सकाळी खाली उतरायला त्यांना कारणच उरणार नव्हतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या महिन्यात ते दिवसातून चारदा खाली जाऊ लागले.

अडचण अशी होती की सकाळी कागद कोरा निघे आणि इंजिन चालू केलं की मात्र डिझेलचा वास येई. "बंद असताना गळता ता सोपा," अण्णा आजोबांना म्हणाले. "चालू असताना गळता ता वायट." पंपापासून इंजेक्टरपर्यंत ज्या बारीक लोखंडी नळ्या जातात त्यांत इंजिन चालू असतानाच दाब येतो, आणि तो भयंकर असतो. तिथे केसाएवढी चीर असली तरी डिझेल थेंबाने पडत नाही, फवाऱ्यासारखं उडतं, आणि तो फवारा दिसतही नाही. तिथे कधी हात लावायचा नाही, पुठ्ठा धरायचा. पुठ्ठा ओला झाला की समजायचं, चीर तिथेच. हे अण्णांनीच मला शिकवलं होतं. मनोरीत पुठ्ठा नसेल तेव्हा ते काम थांबवून किनाऱ्यावर पुठ्ठा शोधत फिरत.

पण अण्णांना दिसेनासं झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. "इलो आंधळो" म्हणणारा माणूस स्वतः डॉक्टरकडे जाणार कसा? ते पान डोळ्याला चिकटवून वाचत आणि छपाई वाईट झाली आहे म्हणत. त्या दिवशी अकराच्या सुमाराला, इंजिन चालू असताना, त्यांनी पुठ्ठा धरला. तो ओला झाला की नाही हे त्यांना दिसलं नाही. मग त्यांनी नळीवरून बोट फिरवलं.

चार वाजता ते चहाला वर आले. कप डाव्या हातात, उजवा हात मांडीवर. तर्जनीच्या टोकाला एक ठिपका होता, गजरा ओवताना सुई लागावी एवढा. ते आजोबांना म्हणाले, "मधू, बोटाक जरा टोचला. डाक्टराकडे जावया काय?"

त्यांनी कधी कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. आजोबांनी बशी खाली ठेवली. मान वर केली. आणि अगदी अण्णांच्या आवाजात, अण्णांच्या मालवणीत म्हणाले, "टोचला म्हणान कोण मरणा नाय, अण्णा."

मला हसू फुटलं. मी ते दाबलं नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत मी हसले, आणि मला हसताना पाहून आजोबाही हसले. अण्णांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले, आणि चहा संपवून आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा हात मनगटापर्यंत सुजून निळाजांभळा झाला होता. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "कधी लागलं?" मी सांगितलं, काल अकराला. "मग काल का नाही आणलंत? याला तास मोजायचे असतात, दिवस नाही." डिझेल कातडीखालून आत घुसून बोटांच्या शिरांवर पसरलं होतं. तर्जनी आणि मधलं बोट काढावं लागलं. उजव्या हाताची.

तिसऱ्या दिवशी अण्णा उशीला टेकून बसले होते आणि आजोबा त्यांना डाव्या बाजूने पेज भरवत होते. अण्णा म्हणाले, "डिझेल आत गेला ता माका तेव्हाच कळला होता. मनोरीत एका खलाशाचो हात मी बघलेलो."

आजोबांचा चमचा तसाच राहिला. "मग बोलला का नाहीस?"

"तू जन्मात पयल्यांदा माका उत्तर दिलंस रे," अण्णा म्हणाले. "ता मोडूक माजो जीव झालो नाय."

मुलांनो, या वाक्याचा अर्थ मी गेली सात वर्षं लावते आहे. कधी वाटतं, ती माया होती, त्या माणसाला जमली तेवढी. कधी वाटतं, त्यांनी आयुष्यात मारलेला सगळ्यात खोल वार हाच. आजोबांनी हा दुसरा अर्थच धरला आहे आणि तो सोडायला ते तयार नाहीत.

कारण पुढे जे झालं ते त्याहून वाईट होतं. अण्णा घरी आले आणि त्यांनी आजोबांना बोलणंच बंद केलं. म्हणजे अबोला नव्हे, टोमणे बंद केले. "मधुकरराव, मीठ देता काय?" "मधुकरराव, पेपर वाचून झाला असेल तर बघू." एकदा आजोबा जेवणावरून उठून म्हणाले, "अण्णा, एकदा तरी मेल्या म्हण रे मला!" अण्णा म्हणाले, "छे छे, असं कसं म्हणीन?" आणि ताटात पाहून जेवत राहिले.

टोमणे सगळे माझ्या वाट्याला आले. गाडीची तारीख पंधरा दिवसांवर होती आणि अण्णांना पाना धरता येत नव्हता. मी ओढणी कमरेला खोचून खाली गेले. ते प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून सांगत आणि मी करी. "सुमती, बीए झालीस ना तू? मग नट कुठल्या बाजूला सुटतो ते इंग्रजीत तरी कळतं काय?" "बाईमाणसाने एवढ्या हळू पिळला तर तो नट उद्यापर्यंत हसत बसेल." तिसऱ्या नळीवर, क्लिपच्या खाली, चीर सापडली. पुठ्ठा मी धरला होता आणि ओला झालेला मला दिसला. अण्णा महिनाभर शेजारच्या नळीचा नट आवळत होते. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नवीन नळी आण. आणि जुनी मधुकररावांना दाखवू नकोस."

मी दाखवली नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

गाडी पास झाली. अण्णांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि त्यानंतर परत मागितली नाही. दोन वर्षांनी, सकाळी चहा प्यायल्यावर, खुर्चीतच ते गेले. आजोबा तेव्हा समोर बसलेले होते. शेवटचं काय बोलले म्हणून मी विचारलं. "चहा चांगला झालाय, मधुकरराव," असं म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वी गाडी आणखी एकदा पास झाली. ती अजून कंपाउंडमध्ये उभी असते आणि कुठेही गळत नाही. मी तिला आठवड्यातून दोनदा बाजारात नेते. तुमचे आजोबा तिच्यात बसत नाहीत.

तुमची आजी