मोत्यांविना नवरी

पुण्याच्या विमानतळावर मी पाटी धरून उभी होते आणि ज्यांच्यासाठी धरली होती ते नऊजण माझ्याकडं ढुंकूनही बघत नव्हते. ते एकमेकांच्या गळ्यात पडण्यात गुंतले होते. चौघं फिलिपिन्सहून, तिघं दुबईहून, दोघं इटलीहून. एकाच घरातली माणसं, सहा वर्षांत एकत्र आली नव्हती. तो योग आला सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्यात.

माझा भाचा संदीप बोटीवर नोकरीला होता, नवरी जॉयही त्याच बोटीवर. हे नऊजण तिचं माहेर. आता बोट सोडून दोघं आष्ट्यात उसाची रोपवाटिका चालवणार होते. आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटी, साताऱ्याची निवृत्त मास्तरीण, म्हणून पाहुणे आणायला आत्याबाई. "वन्सं, तुमी हाय म्हणून मला घोर न्हाई," संदीपची आई, म्हणजे माझी वहिनी, फोनवर म्हणाली होती. मी फुशारले. तिथंच चुकलं.

साताऱ्यात नाश्त्याला थांबलो. मिसळ आली तशी मंडळींनी विचारलं, भात कुठाय? त्यांच्याकडं सकाळ भातानंच उजाडते.

"आत्ता भात?" हॉटेलवाला म्हणाला. "कोण आजारी हाय का?"

"न्हाई," आमचा ड्रायव्हर म्हणाला, "फिलिपिन्सची हायत."

"आस्सं," म्हणत मालकानं सहानुभूतीनं मान हलवली आणि कुकर लावला.

कराडच्या पुढं उसाचे फड लागले. सगळे फोटो काढत होते. जॉयची आई लॉर्ना मात्र हात मांडीवर ठेवून बाहेर बघत होती. "इथून समुद्र किती लांब?" तिनं विचारलं. चार-पाच तास, मी म्हणाले. "म्हणजे जॉयला समुद्र दिसणार नाही." मी लगेच कृष्णाकाठच्या सुपीकतेवर व्याख्यान दिलं. तिनं ते सभ्यपणे ऐकून घेतलं. माझे विद्यार्थीही असंच ऐकायचे.

आष्ट्यात दारात वहिनी भाकरतुकडा घेऊन उभी. लॉर्नानं वाकून तिचा हात आपल्या कपाळाला टेकवला. याला ते 'मानो' म्हणतात (थोरांना नमस्कार).

"आवं, ह्ये काय! मी काय एवढी म्हातारी दिसते व्हय?" वहिनी लाजून म्हणाली. पण दिवसभर तो हात मिरवत होती.

खरा घोळ दुसऱ्या दिवशी कार्यालयात झाला. मुहूर्ताला तास उरला होता. वहिनीनं तबकात मोत्यांच्या मुंडावळ्या आणि नथ आणली. लॉर्नानं तबकावर हात ठेवला. "मोती नाही. लग्नात घातलेला एकेक मोती म्हणजे एकेक अश्रू. मोती घालणार असाल तर मी मुलगी बाहेर पाठवणार नाही."

"आई, राहू दे ना," जॉय म्हणाली. आई हलली नाही.

आता हे खरं सांगितलं तर सोयरीक जागीच मोडेल, असं माझ्या शहाण्या डोक्यात आलं. मी वहिनीला सांगितलं, "तिला मोत्यांनी खाज येते म्हणे."

"एवढंच व्हय!" वहिनी म्हणाली आणि खोबरेलाची बाटली घेऊन आली. तिच्या मागं आणखी चार बायका, एकीकडं हळद, एकीकडं कडुलिंबाचा पाला. पाचजणी जॉयचं कपाळ चोळायला लागल्या. लॉर्ना रडवेली होऊन ओरडली. मला खरं सांगावंच लागलं.

वहिनीचा चेहरा पडला. "पोरीला रडवायला आणतोय व्हय आमी?"

"तिला विचारा, वन्सं, तिच्या लग्नात काय झालं," ती तबक बाजूला सारत म्हणाली. मी विचारलं. लॉर्नानं आईचे मोती घातले होते. दुसऱ्याच वर्षी नवऱ्याची बोट गेली ती आली नाही. तेव्हा जॉय पोटात होती.

वहिनीचा नवरा, म्हणजे माझा भाऊ, फौजेत होता. लग्नानंतरची सतरा वर्षं तिनं त्याला सुट्टीपुरतं पाहिलेलं. तिनं हारवाल्याकडून जुईच्या मुंडावळ्या आणवल्या आणि नथ डबीत टाकली. "नवरीच्या नाकात नथ न्हाई?" एकीनं नाक मुरडलंच. तशी वहिनीनं स्वतःची नथ काढली आणि ठसक्यात म्हणाली, "आता बोला. दोघींस्नी बोला." कुणाची टाप नव्हती. लग्न वेळेवर लागलं. अक्षता टाकताना मला दिसेना झालं. चष्मा होता, तरीही.

तीन दिवसांनी निघालो. आपल्याकडं नवरीची पाठवणी होते, इथं माहेराचीच झाली. गाडी सुरू झाली आणि इतके दिवस हसणारी जॉय ओक्साबोक्शी रडायला लागली. लॉर्ना माझ्याकडं वळली. "मोती तर नव्हते," ती म्हणाली.

मी चष्मा पुसायला घेतला.

"काय म्हणत्यात विहीणबाई?" वहिनीनं खिडकीतून विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं.

"रडू दे म्हणावं तिला. मी हाय न्हवं."

तेही मी जसंच्या तसं सांगितलं. लॉर्नानं मान हलवली. विमानतळावर ते नऊजण पुन्हा तीन दिशांना गेले. सारखं पोचवत राहणं हेच त्यांच्या घराचं काम झालंय, असं वाटलं. आणि आमच्या घराचं तरी काय वेगळं होतं!

परतीच्या वाटेवर, शिरवळ यायच्या आधी, वहिनीचा फोन आला.

"वन्सं, पोरगी दुपारधरनं रडत व्हती. माज्या अंथरुणात घेतली, आत्ता डोळा लागलाय. संदीपला म्हनलं, तू भायेर निज गड्या."

"आणि तू?"

"मी बसलीया उशाला. त्या बाईला कळवा."

लॉर्नाचा फोन बंद होता, विमान उडालं असणार. मी तरी लिहिलं: जॉय झोपली आहे. तिच्या उशाला तिची आई बसली आहे.

इंग्रजीच्या मास्तरणीनं 'सासू' लिहायला हवं होतं. नाही लिहिलं.